आजोबांची काँसर्टिना ओळखायची आणि विकायची कशी?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या सामानात सहा कोनांची, दोन्ही अंगांना बटणं असलेली भात्याची छोटी पेटी निघाली. हे वाद्य म्हणजे काँसर्टिना. ती कुठली, किती किमतीची आणि सोलापुरात बसून विकायची कशी?

पहिली गोष्ट, बटण न दाबता भाता ओढू नका. जुनं कातडं कोपऱ्यांत लगेच फाटतं. एक बटण दाबून भाता हळू उघडा, मग मिटा. दोन्ही वेळा तोच सूर आला आणि अंगठ्यासाठी कातडी वादी, करंगळीसाठी धातूची पट्टी असेल, तर ती 'इंग्लिश', बहुधा ४८ बटणांची. उघडताना एक सूर, मिटताना दुसरा आणि हातावरून रुंद पट्टा असेल, तर 'अँग्लो'. २० बटणांच्या अँग्लोपेक्षा ३० बटणांच्या अँग्लोला कितीतरी जास्त भाव येतो, कारण आयरिश संगीत वाजवणाऱ्यांना तीच लागते.

आता आत बघायचं. एका अंगाचे सहा स्क्रू काढा आणि कुठला कुठल्या भोकातला हे कागदावर मांडून ठेवा. प्रत्येक रीड, म्हणजे सूर काढणारी धातूची पातळ पट्टी, स्वतःच्या पितळी चौकटीत, लाकडी खाचेत सरकवलेली दिसली, तर वाद्य लंडन पद्धतीचं. एकाच लांब पत्र्यावर ओळीनं रीडी असतील तर बहुधा स्वस्त जर्मन. तिला शोभेच्या वस्तूचाच भाव येईल. रीडेची पट्टी पिवळी म्हणजे पितळ, करडी म्हणजे पोलाद. पोलादी असणं चांगलं. लाकडावर ठोकलेला क्रमांक दोन्ही बाजूंना जुळतोय का ते नक्की तपासा. जुळला नाही तर दोन वाद्यांची मिळून एक केलेली असू शकते. काँसर्टिना बनवणाऱ्या व्हीटस्टन कंपनीच्या बऱ्याच जुन्या नोंदवह्या इंटरनेटवर आहेत, त्यांत क्रमांकावरून साल सापडतं. लाशेनाल या दुसऱ्या कंपनीची साधी पितळी रीडांची पेटी काही शे पौंडांत जाते, 'सी. जेफ्रीज' या कारागिराचा ठसा असलेली चांगली अँग्लो मात्र काही हजार पौंडांत.

मे महिन्याच्या कोरड्या उन्हात आपल्याकडे लाकूड आकसतं, रीडेची चौकट खाचेत सैल होते आणि सूर खरखरतो. अंगठ्यानं चौकट अलगद आत रेटली की बहुतेकदा भागतं. पावसाळ्यात लाकूड फुगून तीच रीड आवळली जाते आणि गप्प होते. म्हणून हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे रीडी घासायला किंवा भात्याला फेव्हिकॉल लावायला देऊ नका. जाणकार गिऱ्हाईक न छेडलेल्या वाद्याला जास्त पैसे देतं. विकण्याआधी फक्त धूळ पुसा.

खरे गिऱ्हाईक परदेशात आहेत, आणि अडचण तिथेच आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे साल ठरवणं हे नुसतं किमतीसाठी नाही. वाद्य शंभर वर्षांहून नवं असेल तर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. जुनं निघालं तर पुण्या-मुंबईतले संग्राहक आणि पाश्चात्त्य संगीत वाजवणारे गाठा. भंगारवाल्याला किंवा जुन्या बाजारात दाखवू नका, तिथे ती खेळण्याच्या भावात जाईल. जाहिरातीत दोन्ही अंगं, उघडलेला भाता, आतल्या रीडी आणि क्रमांक यांचे फोटो द्या, आणि प्रत्येक बटण दोन्ही दिशांना वाजवून केलेलं रेकॉर्डिंग जोडा. न वाजणारं बटण कुठलं तेही लिहा.