बालमृत्यू अन्वेषण समिती नक्की काय करते? त्यामुळे मृत्यू खरंच कमी होतात का?

कमी होतात का, ते मूल कशाने गेलं यावर आहे.

मी कांद्याच्या पट्ट्यात आरोग्य सहाय्यिका होते, आता निवृत्त. पद्धत कागदावर चांगली आहे. आशा मृत्यू कळवते, आरोग्यसेविका घरी जाऊन पहिली चौकशी करते, मग पथक घरच्यांना खोदून विचारतं: ताप कधी आला, कुठे नेलं, गाडी कधी मिळाली. केंद्र सरकारच्या २०१४च्या सूचना आहेत, जिल्ह्यापर्यंत आढावा जातो. न्यूमोनिया, कमी वजनाची बाळं यांत उपयोग होतो. एका वाडीची तान्ही बाळं उशिरा पोचतात हे अशाच चौकशीत कळलं, आणि तिथल्या बायकांना आम्ही तारखेआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवू लागलो.

पण शेततळ्याचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.

जावाजावांची दोन पोरं, एक चार वर्षांचा, एक सात, एकाच शेततळ्यात गेली. धाकट्याची केस समितीच्या बैठकीत आली. थोरल्याची नाही, कारण आपलं अन्वेषण पाच वर्षांखालच्यांचं. इंग्लंडात २००८पासून अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मृत्यूचा आढावा कायद्याने घ्यावा लागतो. इथे सात वर्षांचं पोर पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीत संपतं.

धाकट्याच्या फॉर्मवर कारण, पाण्यात बुडून. शेरा, पालकांचे दुर्लक्ष. अहो, आई कांदे काढायला गेलेली, अंगणवाडी सुटलेली. तळ्यातला प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा की धडधाकट गडीसुद्धा वर येत नाही. कुंपण नाही, आत सोडलेला दोर नाही. मी म्हटलं, कृषी सहायकाला बोलवा, ग्रामसेवकाला बोलवा, गावातली सगळी तळी बघून या. साहेब म्हणाले, "सिस्टर, हे आपल्या खात्याचं नाही. सही करा." मी शेऱ्याखाली "कुंपण नव्हते" असं लिहिलं आणि मग सही केली. फॉर्ममध्ये खाडाखोड केली म्हणून माझ्याकडूनच खुलासा मागवला! तळं तसंच.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर बैठकीचं इतिवृत्त मागा आणि "केलेली कार्यवाही" तेवढं वाचा. तिथे नुसतं "पालकांचे समुपदेशन केले" असेल तर बैठक चहासाठी झाली असं समजा. दुर्लक्ष म्हणणाऱ्याला विचारा, त्या दिवशीची मजुरी तुम्ही देणार होता का?

सगळे तालुके असे नसतील. आमचे साहेबही वाईट नव्हते, ओपीडी, शिबिरं, पोस्टमॉर्टेम सगळं एकट्यावर. तरी ते चूकच होते.

आणि गावातले असाल तर समितीची वाट बघू नका, ग्रामसभेत शेततळ्यांची यादी मागा. आधी कुंपण, मग गाठी मारलेला दोर. नुसत्या दोरावर भागवू नका, चार वर्षांच्या पोराला तो धरता येत नाही. दोर त्याच्यामागे उडी मारणाऱ्यासाठी.