प्राचीन ग्रीक-रोमन इतिहासाची आवड लागली आहे, पण ग्रीक-लॅटिन येत नाही; वाचनाची सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न असा आहे की, प्राचीन ग्रीस आणि रोमविषयीचे कुतूहल दिवसेंदिवस वाढत आहे, परंतु त्या भाषाही येत नाहीत आणि या विषयाचे रीतसर शिक्षणही झालेले नाही. तेव्हा आधी एखादा समग्र इतिहास वाचून काढावा का? मीही नोकरी सांभाळून वाचणारा हौशी वाचक आहे, आणि माझे मत असे की समग्र इतिहास सध्या बाजूला ठेवावा. एकच घटना निवडावी आणि ती प्रथम त्या काळातल्याच माणसाकडून ऐकावी.

मी अथेन्सची सिसिलीवरील स्वारी सुचवेन. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील युद्ध इ.स.पू. 431 मध्ये सुरू झाले, मध्यंतरी तह झाला, आणि 415 मध्ये अथेन्सच्या नागरिकसभेने दूरच्या सिसिली बेटावर प्रचंड आरमार धाडण्याचा ठराव केला. याचा वृत्तान्त लिहिणारा थ्युसिडिडीस हा त्याच युद्धात अथेन्सचा सेनापती होता. अँफिपोलिस शहर शत्रूच्या हाती गेल्यानंतर त्याला वीस वर्षे हद्दपारीत काढावी लागली, आणि या हद्दपारीमुळेच आपल्याला दोन्ही बाजूंच्या हालचाली जवळून पाहता आल्या, असे तो स्वतः नोंदवतो.

413 च्या ऑगस्टमध्ये सिसिलीतील सिराक्यूज शहराला अथेन्सने घातलेला वेढा फसला होता आणि अथेन्सचे सैन्य परतीच्या तयारीत होते, तोच चंद्रग्रहण लागले. शकुन सांगणाऱ्यांनी सत्तावीस दिवस थांबण्यास सांगितले आणि सेनापती निकियसने ते मानले. पुढे बंदराचे तोंड शत्रूने बंद केले, जहाजे गेली, जमिनीवरून माघार घेणारे सैन्य पकडले गेले. किमान सात हजार कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले, असे थ्युसिडिडीस सांगतो. दिवसा डोक्यावर ऊन, रात्री शरद ऋतूतील गारठा, आणि शेजारीच मेलेल्यांचे ढीग. आठ महिने प्रत्येकाला दिवसाकाठी एक कोटिले पाणी, म्हणजे जेमतेम पाव लिटर, आणि दोन कोटिले धान्य. कोठेही गळा न काढता त्याने हे माप नोंदवले आहे, आणि माझ्या दृष्टीने त्याचे मोठेपण इथेच दिसते.

आता हाच प्रसंग ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याच्या निकियसचरित्रात वाचा. त्यात एक विलक्षण गोष्ट येते: युरिपिडीसच्या नाटकांतील ओळी म्हणून दाखवल्यामुळे काही अथेन्सवासी सुटले आणि घरी परतल्यावर त्यांनी त्या नाटककाराचे आभार मानले. थ्युसिडिडीस याविषयी अवाक्षर काढत नाही. प्लुटार्क या घटनेनंतर सुमारे पाचशे वर्षांनी लिहीत होता, म्हणून ही दंतकथाच, असे ठरवण्याचा मोह होतो; पण त्याच्यासमोर सिराक्यूजचा प्रत्यक्षदर्शी इतिहासकार फिलिस्टस याचे लेखन होते आणि ते आज केवळ त्रुटित स्वरूपात उरले आहे. मी ही गोष्ट सिद्ध मानत नाही, मात्र ती टाकूनही देत नाही. कोण केव्हा लिहीत होता, त्याच्या हाती काय होते, तो कशाविषयी गप्प राहिला, हे प्रश्न एकदा पडू लागले की आवडीचे अभ्यासात रूपांतर होऊ लागते.

रोमकडेही असेच एखाद्या लहान दारातून जावे. मराठी वाचकाला तर 'पेरिप्लस' हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील सागरी व्यापाराचे वर्णन आपलेच वाटेल. रोमच्या अमलाखालील इजिप्तमधून येणाऱ्या जहाजांसाठी एका अनामिक ग्रीकभाषक माणसाने ते लिहिले. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे तो सांगतो. पैठणहून गाड्यांतून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड बंदरावर येत असे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबांवर ते यवनांनी, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकांनी, दान केल्याचे लेख कोरलेले आहेत, तेही या वाचनासोबत जरूर पाहावेत.

भाषेची अडचण सुरुवातीला आड येत नाही, कारण जुनी इंग्रजी भाषांतरे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. शेजारी नकाशा मात्र उघडा ठेवा, नाहीतर बंदरांची नावे नुसतीच डोळ्यांखालून जातात. थ्युसिडिडीसचा ग्रंथ आठ भागांचा असून सिसिलीची हकीकत सहाव्या आणि सातव्या भागात आहे. थेट सहाव्यापासून सुरुवात करण्यास काहीच हरकत नाही. सातवा संपला की लगेच प्लुटार्क घ्यावा, आणि स्वारीपूर्वीचे युद्ध समजून घेण्यासाठी मग पहिल्या भागाकडे वळावे.