ग्रुपवर टाकलेला रिपोर्ट ‘जाहीर’ झाला का?

हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यापर्यंत येत राहतो. कुणाच्या बाळंतपणाचे फोटो दुसऱ्याच पेजवर निघतात, कुणाच्या केमोथेरपीच्या पोस्टचा स्क्रीनशॉट ऑफिसात फिरतो. या वेळचं पत्र एका ताईंचं आहे. त्यांना शाळेत असल्यापासून फिट्स येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी फेसबुकवरच्या रुग्णांच्या एका बंद ग्रुपमध्ये आपला ईईजीचा (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि डोक्याला वायरी लावलेला स्वतःचा फोटो टाकला. गोळी बदलावी का, एवढंच विचारायचं होतं. आता तोच फोटो एका तेलाच्या जाहिरातीत आहे आणि खाली लिहिलंय, ‘तीन महिन्यांत फिट्स कायमच्या बंद’. विकणारा दुसऱ्या राज्यातला आहे. जाहिरात कामावरच्या लोकांनी पाहिली, लग्नाची बोलणी थांबली. ताईंनी ती पहिल्यांदा पाहिली त्याला आठ महिने झाले. त्या दिवशी त्यांनी पोस्ट काढून टाकली, ग्रुप सोडला, खातं बंद केलं. आता विचारतात की नव्या डेटा कायद्याखाली भरपाई मिळेल का.

ताई, आजारपणाची माहिती खाजगी असते, ती वापरायला संमती लागते, हे तुम्हाला माहीत आहे म्हणून त्यात वेळ घालवत नाही. तुमचं प्रकरण एका कलमाशी येऊन अडतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३, कलम ३. ज्या व्यक्तीची माहिती आहे तिनं स्वतःच ती जाहीरपणे उपलब्ध करून दिली असेल, तर त्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. संसदेनं तिथे उदाहरणही दिलं आहे: एखादी व्यक्ती ब्लॉग लिहिताना आपली माहिती समाजमाध्यमावर सर्वांसाठी टाकते, तिच्या बाबतीत कायदा लागू नाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे उदाहरण वाचून दाखवेल.

जुन्या कायद्यात वाट सापडेल असं वाटत असेल तर तिथेही हीच अडचण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खालचे २०११ चे नियम आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय इतिहास ‘संवेदनशील’ मानतात, पण त्याच नियमाला परंतुक, म्हणजे अपवाद, आहे की जी माहिती सार्वजनिकरीत्या सहज मिळते ती संवेदनशील धरायची नाही.

म्हणून सगळा भार एका प्रश्नावर आहे: तुमचा ग्रुप ‘सार्वजनिक’ होता का? बंद ग्रुपमध्ये टाकलेलं जाहीर ठरतं की नाही, याचं उत्तर कलमाच्या शब्दांत नाही. माझ्या मते प्रवेश देताना ॲडमिन प्रश्न विचारत असेल, माहिती बाहेर न्यायची नाही असा नियम लिहिलेला असेल आणि सभासद मर्यादित असतील, तर ‘मी जाहीर केलं नाही’ हा युक्तिवाद टिकावा. हजारो अनोळखी लोक एका क्लिकवर आत येत असतील तर मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. आणि हे दाखवायला लागणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे ती मूळ पोस्ट, तिची तारीख, ती कुणाला दिसत होती ही नोंद, तुम्ही स्वतःच्या हातानं पुसली. फेसबुकवर काढलेली पोस्ट तीस दिवस कचरापेटीत राहते. तुम्ही त्या तीस दिवसांत कुणाला तरी विचारायला हवं होतं. घाबरून पोस्ट काढणं मला समजतं, पण प्रत न घेता काढणं आणि नंतर आठ महिने गप्प बसणं यानं तुमचं जेवढं नुकसान झालं, तेवढं त्या जाहिरातीनंही झालं नसेल.

भरपाईबद्दलही स्पष्ट सांगते. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली. लोकांची आजारपणं या काळात बाजारात विकली जात होती, तरी कुणाला घाई वाटली नाही, याचा मला खरोखर संताप येतो. त्याहून वाईट म्हणजे या कायद्याखालचा दंड, तो २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, सरकारच्या तिजोरीत जमा होतो, तुमच्या हातात एक रुपया येत नाही. नुकसानभरपाई देणारं ४३अ तर हाच कायदा काढून टाकतो. तेव्हा हे दार तुमच्यासाठी उघडं असलं तरी आत फारसं काही नाही.

वरचं कलम ३ फक्त डेटा कायद्याचं आहे, हे मात्र लक्षात ठेवा. तुमचा चेहरा जाहिरातीत वापरणं हा वेगळा अन्याय आहे. १९९४ च्या आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की संमतीशिवाय एखाद्याचं नाव किंवा प्रतिमा जाहिरातीसाठी वापरली, तर त्याच्या खाजगीपणाचा भंग होतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंही सांगितलं की माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यानं त्याचा खाजगीपणा संपत नाही. रुग्णांना प्रश्न विचारण्यासाठी टाकलेला फोटो तेल विकायला वापरायची परवानगी तुम्ही कुणालाही दिलेली नाही. याच मुद्द्यावर मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते. किती मिळेल, किती वर्षांनी मिळेल, याचा अंदाज मी देणार नाही. तातडीचा मनाई हुकूम मागताना न्यायाधीश विचारतील, आठ महिने काय करत होतात? जाहिरात आजही चालू आहे, ती रोज नव्या लोकांना दिसते आहे, हे त्याचं उत्तर. पण आणखी महिना गेला तर हे उत्तरही कच्चं पडेल.

याहून लवकर उपयोगी पडेल अशी एक गोष्ट तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता आली आहे. फोटो तुमच्या बहिणीनं तिच्या फोननं काढला होता. फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याचा, म्हणजे तिचा. त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो फोटो ग्रुपवर टाकला म्हणून इतर सभासदांना त्यावर हक्क मिळत नाही. बहिणीनं फेसबुकला कॉपीराइटची रीतसर लेखी तक्रार केली, तर कॉपीराइट नियमांप्रमाणे ३६ तासांत तो मजकूर थांबवावा लागतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून द्यावा लागतो, नाहीतर तो पुन्हा दिसू शकतो. म्हणजे तक्रार पाठवायच्या आधी दावा तयार हवा. आणि कॉपीराइटचा दावा, कलम ६२ मुळे, बहीण जिथे राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात टाकता येतो. त्या विक्रेत्याच्या राज्यात खेटे घालायची गरज नाही. तक्रार तुमच्या नावानं जाऊ देऊ नका, हक्क नसलेल्याची तक्रार म्हणून ती परत येईल. बहिणीनं लेखी करार करून हक्क तुम्हाला दिला तर गोष्ट वेगळी.

दुसरी तक्रार याहून सोपी आहे आणि तिच्यात तुमचा ग्रुप बंद होता की उघडा, हा प्रश्नच येत नाही. औषधे आणि जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांत अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, आहे. तेल आयुर्वेदिक आहे असं म्हणून सुटका होत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट कारवाई करू शकतात. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या, प्रत पोलिसांना द्या. अशा जाहिरातीवर विसंबून कुणी चालू गोळ्या एकदम बंद केल्या तर न थांबणारी फिट येऊन जीवही जाऊ शकतो. हे वाक्य तक्रारीत जरूर लिहा. तुमच्या फोटोखाली ‘गोळ्या बंद करू का’ असं कुणी विचारत असेल तर त्या कमेंटचीही प्रत जोडा.

मानहानीचा दावा मी टाकणार नाही. तुम्हाला आजार आहे हे खरं आहे, आणि खरं बोलण्याची मानहानी होत नाही; खोटा आहे तो बरं झाल्याचा दावा, त्यावर केस उभी राहते का याची मला शंका आहे. तुमच्या वकिलांचं मत वेगळं असेल तर मुदत जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची आहे आणि तिचे निदान आठ महिने गेलेत, एवढं त्यांना सांगा.

रुग्णालय आणि डॉक्टर यांच्याबद्दल तुम्ही विचारलंय. त्यांच्याकडची तुमची फाइल तुमच्या पोस्टमुळे उघडी झालेली नाही. डॉक्टरांवरचं गोपनीयतेचं बंधन वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार तसंच आहे. तुम्ही जाहीर केलं ते एक पान, बाकी इतिहास अजून तुमचाच आहे. कामावरून कुणी त्याची विचारणा केली तर तोंडी उत्तर देऊ नका, लेखी प्रश्न मागा. लग्नाच्या बोलण्यांबद्दल कायदा काही करू शकत नाही. एवढं मात्र सांगून ठेवा की हिंदू विवाह कायद्यातून लग्नाला अडथळा म्हणून असलेला फिट्सचा उल्लेख १९९९ मध्येच काढला आहे. अजूनही पुष्कळ घरांत तो आहे असंच धरून चालतात.

आता पुरावा. या आठवड्यात, तक्रार करायच्या आधी, जाहिरात जिथे दिसते तिथला संपूर्ण पत्ता, तारीख-वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. जाहिरात चालू असेपर्यंत ती फेसबुकच्या जाहिरात संग्रहात कुणालाही पाहता येते. बंद झाली की ती तिथून जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र त्याला लागतं, त्यात तुमचा भाग असतो आणि तज्ज्ञाचाही. नुसता स्क्रीनशॉट छापून नेलात तर तो बाजूला ठेवतील. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्याखाली हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं, ते विसरू नका. ग्रुपमध्ये अजून असलेल्या एखाद्या मैत्रिणीकडून ग्रुपचे नियम, सभासदसंख्या आणि तुमच्या पोस्टवर तेव्हा आलेल्या प्रतिक्रियांचे कुणी काढलेले स्क्रीनशॉट मिळवा. वर ज्या प्रश्नावर तुमचं प्रकरण अडलंय, त्याला तुमच्याकडे आता एवढाच आधार उरला आहे. बहिणीच्या फोनमध्ये मूळ फोटो असेल तर तो तिनं कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नये, तशा पाठवलेल्या प्रतीत फाइलची मूळ नोंद (कधी, कुठल्या फोननं काढला ती) पुसली जाते. फोनच तसाच जपून ठेवा.

यापुढे ग्रुपवर विचारायचं झालं तर नाव, रुग्ण क्रमांक आणि कोपऱ्यातला क्यूआर कोड झाकून विचारा. अनेक प्रयोगशाळांचा तो कोड सरळ पूर्ण रिपोर्टवर नेतो. ‘अनामिक’ म्हणून पोस्ट केली तरी ॲडमिनला तुमचं नाव दिसतं.

दावा दाखल करताना तुमचं नाव आणि आजार नोंदीत येणार. नाव झाकून सुनावणी व्हावी असा वेगळा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. तो मंजूर करणं न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे, पण पहिल्या दिवशी न दिलेला अर्ज नंतर कुणी गांभीर्यानं घेत नाही.