अमेरिकेत प्रॅक्टिकल शूटिंग सुरू करायचंय? गन शेवटी, आधी व्हिसाचं बघ

तू तिकडे १० मीटर एअर पिस्तूल खेळतोस, एमएसला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येतोयस आणि आल्या आल्या यूएसपीएसए, म्हणजे इथल्या प्रॅक्टिकल शूटिंगच्या संघटनेच्या मॅचला उतरायचंय, तर गन कुठली घेऊ असं विचारलंस. गन सगळ्यात शेवटी रे, आधी कागदपत्रं.

हे नीट वाच. एफ-१, एच-१बी (नोकरीचा), एच-४ (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा) असल्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर असताना फेडरल कायद्याने गनच काय, साधी गोळीसुद्धा जवळ बाळगता येत नाही, आणि रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राने "मार दोन" म्हणून हातात दिलेली गन पण त्यातच धरतात. नेहमीची वाट म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स, कायद्यात तशी सूट आहे. मी एच-१बी वर आलो तेव्हा आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं, मगच रेंजवर पाऊल ठेवलं, आणि ग्रीन कार्ड येईपर्यंत त्याची मुदत एक दिवससुद्धा चुकू दिली नाही. राज्याराज्याचे नियम वरून वेगळे असतात, म्हणून इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारच, पैसे गेले तरी चालतील. हॉस्टेलच्या खोलीत गन ठेवायचा तर विचारही नको.

आता खेळ. एअर पिस्तूलमध्ये ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात, इथे बीप वाजला की होल्स्टरमधून गन काढायची आणि पळत पळत प्रत्येक टार्गेटवर सहसा दोन-दोन मारायच्या. तुझा ट्रिगर कंट्रोल खूप कामाला येईल, फक्त दोन हातांची ग्रिप नव्याने शिकावी लागेल. स्कोअर म्हणजे पॉइंट्स भागिले सेकंद, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. समज १६ गोळ्यांची स्टेज (मॅचमधला एक टप्पा), म्हणजे जास्तीत जास्त ८० पॉइंट. तू टिपून टिपून २६ सेकंदात ७८ घेतलेस तर ३, दुसऱ्याने १४ सेकंदात ७० घेतले तर ५. पण मिसला दहा वजा आणि मिळाले असते ते पाच पण गेले, त्यामुळे आंधळं पळूनही उपयोग नाही.

पण पहिल्या मॅचला हे सगळं बाजूला ठेव. पहिल्या मॅचचं एकच ध्येय, डीक्यू, म्हणजे मॅचमधून बाद न होता संध्याकाळी घरी येणं. मी झालो होतो. तिसरी स्टेज, उजवीकडून डावीकडे पळताना मॅगझिन बदलत होतो, उजव्या हातात गन, अंग डावीकडे वळलेलं, आणि मॅगझिन घालायला मनगट वाकवलं तशी नळी १८० अंशाच्या रेषेमागे गेली (टार्गेटमागच्या बांधाला समांतर, आपल्यातून आडवी जाणारी काल्पनिक रेषा, नळी तिच्या मागे वळू द्यायची नाही). मला कळलंच नाही, "स्टॉप!" ऐकू आलं तेव्हा कळलं. रेंज ऑफिसरने शांतपणे गन रिकामी करून घेतली, समजावलं आणि माझी मॅच तिथेच संपली. घरी नाही गेलो, दिवसभर टार्गेटच्या भोकांवर पॅचेस चिकटवत बसलो आणि इतरांची पावलं बघत राहिलो, त्या दिवशी जेवढं शिकलो तेवढं पुढच्या सहा महिन्यांत नाही शिकलो. त्यामुळे उजव्या हाताचा असशील तर डावीकडे जातानाचं रिलोड घरी रिकाम्या गनने शेकडो वेळा कर, टार्गेटवर नसताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. आणि सेफ एरियात (मॅचच्या ठिकाणी गन हाताळायला राखून ठेवलेली जागा) गन हाताळता येते पण गोळीला हात लावायचा नाही, डमी गोळीलासुद्धा नाही.

सामान थोडंच लागतं. साधी ९ एमएम, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, जाड बेल्ट, चार-पाच मॅगझिन आणि पाऊच, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. डिव्हिजन (गनच्या प्रकारानुसार गट) कॅरी ऑप्टिक्स (पिस्तुलावर डॉट साइट) किंवा प्रॉडक्शन (साधी साइट) घे, महागड्या ओपन गनच्या (जवळपास सगळे बदल चालणाऱ्या गटातल्या) नादी आत्ताच लागू नकोस. मायनरला (कमी ताकदीच्या गोळ्यांचा वर्ग) पॉवर फॅक्टर १२५ लागतो, म्हणजे ग्रेनमधलं गोळीचं वजन गुणिले फूट-प्रति-सेकंद वेग भागिले हजार, १२४ ग्रेनची गोळी १०५० ने गेली की १३० होतो, दुकानातली नेहमीची ९ एमएम त्यात बसते.

लायसन्स हातात येईपर्यंत एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकच्या छऱ्यांच्या) पिस्तुलावर ड्रॉ, म्हणजे होल्स्टरमधून गन काढणं, आणि रिलोड घोटत राहा, फेडरल कायद्यात ते फायरआर्म नाही, फक्त तुझ्या शहराचा नियम बघून घे. आणि जवळच्या क्लबच्या मॅचला एकदा नुसता बघायला जा, गन न शिवता पॅचेस चिकटवू लाग. पुढे स्वतः उतरशील तेव्हा सकाळीच स्क्वॉडमध्ये (तुझ्यासोबत खेळणारा गट) "माझी पहिली मॅच आहे" म्हणून सांग, मग पहिल्या नंबरला उभं करत नाहीत, आधी चार जणांना बघू देतात.