३६ हजारांचा पर्सनल ट्रेनर लावू का? सहकारनगरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. वय ४४, राहायला सहकारनगर, नोकरी अकाउंट्समध्ये, दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १८ हजार, होम लोनचा हप्ता ३१ हजार, मुलगा अकरावीत, त्याच्या क्लासची फी वेगळी. दोन महिन्यांपूर्वी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, डॉक्टर म्हणाले गोळी एवढ्यात नको, वजन उतरवा, व्यायाम करा. जिमवाल्याने ४८ सेशनचं पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनरचं, पॅकेज दिलंय, ३६ हजार अधिक टॅक्स, सहा महिन्यांत संपवायचं, कार्डावर नो कॉस्ट ईएमआय. त्यासाठी म्युच्युअल फंडातली दरमहा ५ हजारांची एसआयपी सहा महिने बंद ठेवू का, असा प्रश्न. आणि मिस्टरांचं म्हणणं, "तळजाई (घराजवळची टेकडी) फुकट आहे की."

माझं उत्तर असं की ट्रेनर लावा, पॅकेज घेऊ नका आणि एसआयपीला हात लावू नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

मिस्टर अर्धे बरोबर आहेत बरंका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम सांगते, तो तळजाईवर एक रुपया न देता होतो, आणि सकाळी सहाला तिथे जी गर्दी असते ती काय वेडी नाही. पण त्याच यादीत पुढे आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायामही सांगितलाय, आणि तो चालून होत नाही. जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात आणि तिशी-चाळिशीनंतर हे स्नायू हळूहळू कमी होत जातात, म्हणून तुमच्या ६.१ ला डंबेलची गरज मला जास्त वाटते. डंबेल कसं उचलायचं हे टेकडी शिकवत नाही.

गेल्या वर्षी जिमचे १५ हजार भरून तुम्ही २३ दिवस गेलात असं तुम्हीच लिहिलंय (मोजलंत, अकाउंट्सवाल्या शोभता). म्हणजे दिवसाला ६५२ रुपये पडले. आता यात पैसा कमी पडला का, तर नाही, तिथे तुमची वाट बघणारं कोणी नव्हतं आणि कुठल्या मशीनवर किती वजन लावायचं हे सांगणारंही कोणी नव्हतं, मग माणूस चार दिवस ट्रेडमिलवर चालतो आणि पाचव्या दिवशी मनात येतं की हे तर टेकडीवरही झालं असतं. ट्रेनरचे पैसे मुळात या दोन गोष्टींचे असतात. साडेसहाची वेळ दिलीये, तो येऊन उभा असणार, नाही गेलं तर सेशन कापलं जाणार. आपल्या लोकांना पैसे बुडण्याची भीती व्यायामाच्या इच्छेपेक्षा केव्हाही मोठी असते, तिचा फायदा घ्या.

यात माझाही एक किस्सा आहे. २०१९ मध्ये मी अतिशहाणपणा करून व्हिडिओ बघत घरीच डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचं वजन उचलायचं) सुरू केली, ट्रेनरचे पैसे वाचवले म्हणून खूश होतो, दुसऱ्या महिन्यात कंबर धरली ती तीन आठवडे सोडेना. फिजिओथेरपीच्या २० बैठका, ६०० रुपये एक, झाले १२ हजार, एमआरआय वेगळा. त्या फिजिओबाईंनी पहिल्याच दिवशी प्लंबरकडचा असतो तसा पांढरा पाइप माझ्या पाठीवर उभा धरला. डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे आणि मी फक्त खुब्याच्या सांध्यातून पुढे वाकायचं. मी वाकलो की माकडहाडाकडून पाइप सुटायचा, अगदी दर वेळी, आणि मला आपली पाठ सरळच वाटत होती. बाहेरून बघणारं माणूस लागतं ते यासाठी, आरशात हे दिसत नाही. पाच-सहा बैठकांत जमलं, आणि एकदा जमलं की जमलं, त्यानंतर आजतागायत त्यासाठी कोणाला पैसे दिले नाहीत.

तुमच्या ४८ सेशनचं गणित इथेच फिसकटतं. फॉर्म, म्हणजे वजन उचलायची बरोबर पद्धत, शिकायला ४८ लागत नाहीत.

२००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, ३२३४ माणसं, सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, साधारण तुमच्यासारखीच. ज्यांना आहार, चालणं आणि वजन यावर लावलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं आणि मेटफॉर्मिनच्या गोळीवाल्यांत ३१ टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईत झालेल्या तशाच अभ्यासात, तो २००६ चा, राहणीमान बदलल्याचा फायदा २८.५ टक्के आला, म्हणजे आपल्या लोकांत आकडा लहान आहे पण आहे. मला त्या अमेरिकन अभ्यासातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे प्रत्येकाला स्वतःचा एक कोच होता आणि पहिल्या २४ आठवड्यांत समोरासमोर बसून १६ धडे, पुढे साधारण महिन्याला एक भेट. सुरुवातीला घट्ट, मग सैल. (ते जिमचे ट्रेनर नव्हते, खाणं-पिणं सगळंच बघायचे, तेव्हा ५८ टक्क्यांचा बोर्ड कोणी जिमबाहेर लावला तर हसा.) आणि वजनाचं लक्ष्य होतं ७ टक्के. तुमचं ७४ किलो, म्हणजे पाच किलोच्या जरा वर, जिमवाला सांगतोय तसे १५ किलो नाही.

म्हणून पैसेही तसेच खर्च करा, आधी घट्ट मग सैल. सुटं सेशन ९०० ला पडतंय असं त्यांच्याच कागदावर आहे, पॅकेजमध्ये ७५०. पहिले सहा आठवडे आठवड्याला दोन, झाली १२ सेशन. पुढचे साडेचार महिने पंधरा दिवसांतून एक, वजन वाढवून घ्यायला आणि चुका काढून घ्यायला, झाली ९. मधल्या दिवशी तुम्ही एकट्या करायचं, त्याने लिहून दिलेलं. २१ गुणिले ९०० म्हणजे १८ हजार ९००. सेशन महाग आणि खर्च जवळपास निम्मा. आणि ४८ पैकी ३० च झाली, जे मुलाची परीक्षा, मार्च एंड आणि गणपती धरून अगदी होण्यासारखं आहे, तर तुमचं ७५० चं सेशन १२०० ला पडलं म्हणून समजा.

आता त्यांचं कोटेशन. फोटोत मला टॅक्स १८ टक्के दिसतोय, एकूण ४२ हजार ४८०. अहो, जिम-फिटनेस सेंटरच्या सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय. ३६ हजारांवर ५ टक्क्यांनी ३७ हजार ८०० होतात, ४ हजार ६८० चा फरक. ते म्हणतील आमचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं म्हणून रेट वाढवावे लागले, ते खरंही असेल, पण मग तसा रेट लिहा ना, १८ कशाला लिहिता. तुम्ही अकाउंट्समध्ये असून हे सुटलं याचं मला जास्त नवल वाटलं! नो कॉस्ट ईएमआयमध्येही बँक प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लावते, आणि ट्रेनर तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडून गेला तरी हप्ता चालूच. महिन्याच्या महिन्याला यूपीआयने द्या, विषय संपला.

एसआयपीचं खरं सांगतो, घाबरवत नाही. सहा महिन्यांचे ३० हजार न गुंतवल्याने तुमची म्हातारपणाची सोय बुडत नाही, १० टक्के धरले तर १४ वर्षांनी साधारण १ लाख १४ हजार कमी दिसतील. पण माझ्याकडे सहा महिन्यांसाठी म्हणून थांबवलेल्या एसआयपी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या परत सुरू झालेल्या बोटावर मोजण्याइतक्या. ट्रेनरचा खर्च टॅक्स धरून महिन्याला सरासरी ३ हजार ३०० चा प्रश्न आहे, बाहेरच्या खाण्यातून निघेल, शुगरलाही बरं. तुमच्या ६० हजारांच्या एफडीला मात्र हात नको, तो तुमचा एक महिन्याचा खर्चही नाही.

आणि पत्रातली मला खरी खटकलेली ओळ शेवटून दुसरी आहे, "मेडिक्लेम कंपनीचा आहे, ५ लाख". स्वतःचा काहीच नाही? ताई, ट्रेनरच्या आधी हे करा. आज तुम्ही उंबरठ्यावर आहात, उद्या रिपोर्टवर मधुमेह लिहून आला की प्रीमियम चढतो, आणि आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, म्हणजे तोवर त्याचा क्लेम नाही (२०२४ च्या आधी हे चार होतं). स्वतःच्या पॉलिसीच्या प्रीमियमवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. फॉर्मवर ६.१ सरळ लिहा, एजंट "कशाला सांगताय" म्हणाला तर एजंट बदला. जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर या प्रीमियमची २५ हजारांपर्यंत वजावट मिळते, जिमच्या फीची मिळत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलं तरी.

एकास एक ट्रेनर जड वाटला तर मधला रस्ताही पुण्यात जुना आहे. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं तेव्हापासून हे शहर बॅचमध्ये व्यायाम शिकतंय. सात-आठ जणांच्या बॅचमध्ये शिकवणारा चांगला असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

ट्रेनर बघताना ट्रायल मागा, फुकट नाही दिली तर ९०० भरून घ्या. त्याने गुडघे, बीपी, जुनी दुखणी विचारली का, की थेट लेग प्रेसवर बसवलं? मोजताना तुमच्याकडे बघतोय की मोबाइलमध्ये मान घालून "तेरा, चौदा" चाललंय? पहिल्याच दिवशी प्रोटीनचा डबा पुढे केला तर बहुतेक त्यात त्याचं कमिशन आहे. ट्रायलला जाताना तो ६.१ चा रिपोर्ट न्या आणि घरातली एखादी अर्धी उरलेली वही न्या, आज काय केलं, किती वजनाने केलं, हे त्याने तिच्यात लिहून द्यायचं. लिहायला कंटाळा करणाऱ्याला पुढचे २० सेशन देऊ नका.