दगडखाणीच्या जागेवर रोपं पिवळी पडतात, चुना टाकू का?

कांदिवलीच्या बंद दगडखाणीतल्या भुकटीवर रोपं पिवळी पडत असतील तर चुना टाकू नका! चुना लागतो तो कोळसा खाणीच्या आम्लधर्मी राडारोड्याला. आपल्याकडचा काळा पाषाण बेसॉल्ट. त्याची भुकटी बहुधा उदासीन ते अल्कधर्मी असते. चुन्याने सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्क पातळी) आणखी चढतो आणि लोह मुळांना मिळेनासं होतं.

आधी पान नीट बघा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी म्हणजे नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी.

खरी अडचण मात्र घट्टपणाची. डंपरच्या चाकांखाली दबलेल्या थरात मूळ शिरतच नाही, मग वर कितीही खत ओता. मे महिन्यात जेसीबीने 45 सेंमीपर्यंत फोडून घ्या. त्यावर 5 सेंमी जाडीचं कंपोस्ट पसरून वरच्या 15 सेंमीत मिसळा. चौरस मीटरला साधारण 50 लिटर लागतं. कंपोस्ट पूर्ण कुजलेलंच हवं. ओलं करून पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर ते कच्चं आहे. कच्चं खत आणि लाकडाचा भुसा उलट नत्र ओढून घेतात.

पहिल्या पावसाला बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) लावून ताग किंवा धैंचा पेरा, फुलोऱ्याआधी कापून तिथेच अंथरा. उतारावर समपातळीत बांध घालाच, नाहीतर जुलैतल्या एका सरीत सगळं कंपोस्ट नाल्यात जाईल. करंज, पांगारा पुढच्या वर्षी.