कोकमाच्या सालीच्या अर्कासाठी कोणतं सॉल्व्हंट घ्यावं आणि त्या अर्काचा पुढे उपयोग काय?

प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय की बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, कोकमातली पॉलिफेनॉल्स आणि अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायची आहे. शेवटी एक ओळ जोडलीय: 'आकडे चांगले आले तर घरच्या सरबताच्या लेबलवर छापता येतील का?' सॉल्व्हंटचं पटकन सांगते. लेबलवर मात्र जरा बोलणार आहे, कारण आमच्या घरात असा आकडा एकदा छापला गेलाय आणि तो मी मोजलेला होता.

काय काढायचंय त्यावर सॉल्व्हंट ठरतं. कोकमाचा लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, मुख्यतः सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-३-सॅम्बुबायोसाइड. ती पाण्यात उतरतात आणि आम्लात टिकतात. त्यांच्यासाठी सत्तर-ऐंशी टक्के मेथनॉल किंवा इथेनॉल घ्या, त्यात ०.१ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, बाटलीला फॉइल गुंडाळा आणि रात्रभर थंड जागी ठेवा. सॉक्सलेटला (सॉल्व्हंट उकळत ठेवून अर्क काढायच्या काचेच्या उपकरणाला) लावू नका, तासन्‌तास उकळून रंग मरतो. सालीतलं दुसरं, पिवळं पॉलिफेनॉल म्हणजे गार्सिनॉल हवं असेल तर ते पाण्याला दाद देत नाही, तिथे शुद्ध इथेनॉल किंवा एथिल ॲसिटेट लागेल. इथेनॉलसाठी कॉलेजला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, म्हणून बहुतेक जण मेथनॉलवर भागवतात. प्रोजेक्टपुरतं चालेल, पण मेथनॉलचा अर्क तोंडात घालायचा नाही आणि त्यावरून आलेला आकडा सरबताला लावायचा नाही. सरबत पाण्यात होतं.

आणि बाजारातली आमसुलं आणू नका. रसाची पुटं देताना त्यात मीठ मुरलेलं असतं. तुम्ही 'ग्रॅममागे इतकं' लिहाल तेव्हा त्या ग्रॅममध्ये सालीबरोबर मीठही तोललेलं असेल. ताज्या रातांब्याची (कोकमाच्या फळाची) साल घ्या, सावलीत सुकवा आणि ओलावा मोजून कोरड्या वजनावर हिशोब करा.

आता माझं. कुडाळजवळ आमची रातांब्याची झाडं आहेत. आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस), अमृत कोकम (साखरेचं सरबत) आणि आमसुलं हा आजोबांपासूनचा धंदा. बाबा गेल्यावर तो काका आणि आई मिळून बघायचे. मी कोल्हापूरला एम.एस्सी. करत होते आणि विषय निवडताना कोकमच घेतलं. आईने अंगणात वाळवलेली साल पिशवीत भरून एसटीने नेली होती. वर्गातल्या बाकीच्यांनी आवळा, शेवगा, हिरडा असे पुष्कळ पेपर असलेले विषय घेतले होते. कोकम आमचं, म्हणून मला त्याचा आकडा मोठा यायला हवा होता. हे आधीच ठरवून मोजायला बसणं चूक आहे, पण मी तशीच बसले होते.

डीपीपीएच हे अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायचं रसायन, त्याचं द्रावण जांभळं असतं. अर्काने त्यातले मूलक (फ्री रॅडिकल्स) शमवले की जांभळा जाऊन पिवळा येतो आणि ५१७ नॅनोमीटरवर प्रकाश किती शोषला जातो त्याचं रीडिंग खाली येतं. हे सगळ्यांना माहीत असतं. माझं कंट्रोलचं, म्हणजे अर्क न घातलेल्या डीपीपीएचचं, रीडिंग होतं ०.९२०. कोकमाचा अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवलं, क्युव्हेट (द्रावण मोजायची छोटी पारदर्शक नळी) मशीनला लावली, रीडिंग ०.३८६. म्हणजे ५८ टक्के डीपीपीएच शमला. शेजारच्या टेबलावर आवळा नव्वदीच्या पुढे होता. गाईड सरांनी वही बघितली, म्हणाले, 'कोकमात दम नाही, लिहून टाक आणि पुढच्या टेस्टला लाग.'

मला ते लागलं. त्या रात्री हॉस्टेलवर वही उघडी टाकून बसले होते आणि सहज आठवलं की क्युव्हेटमधलं द्रावण पिवळं झालंच नव्हतं. ते लालसर गुलाबी होतं. कोकमाचा स्वतःचा लाल रंग नेमका तिथेच, ५१०-५३०च्या आसपास प्रकाश शोषतो! मशीनला काय कळणार की हा उरलेला जांभळा आहे की अर्काचा लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधी मी दारात उभी होते. नुसतं मेथनॉल आणि तेवढाच अर्क, डीपीपीएच न घालता, असं रीडिंग घेतलं, यालाच रंगाचा ब्लँक म्हणतात. ०.३०३ आलं. ते ०.३८६मधून वजा केलं, राहिले ०.०८३, म्हणजे ९१ टक्के. तीनदा केलं, तिन्ही वेळा त्याच्याच आगेमागे.

सरांनी हो म्हणायला दोन आठवडे घेतले. 'पेपरमध्ये असा ब्लँक कुणी दाखवत नाही' हे त्यांचं म्हणणं. मी आजही म्हणते की रंगीत अर्काचा डीपीपीएच रंगाच्या ब्लँकशिवाय केला असेल तर तो आकडा फाडून टाकावा. कोकम, जांभूळ, करवंद, बीट, सगळ्यांना हे लागू आहे. तुमचे गाईड नको म्हणाले तरी हा ब्लँक घ्या.

त्या आनंदात मी रात्री घरी फोन केला. आईने उचलला, मग काकांनी घेतला. मी सांगितलं, काका, आपल्या कोकमाचं ९१ टक्के आलं.

मे महिन्यात घरी आले तर ओटीवर खोके रचलेले. अमृत कोकमच्या बाटलीवर नवं लेबल, हिरव्या वर्तुळात पांढरी अक्षरं: '९१% अँटिऑक्सिडंट – प्रयोगशाळेत सिद्ध'. खाली बारीक अक्षरांत मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांची नावं आणि पुढे 'गुणकारी'. माझ्या हातात बाटली होती आणि मला घाम फुटला.

काकांना म्हटलं हे काढा. ते म्हणाले, 'बाय, तूच मा फोनवर सांगितलंस? मग ता खोटां कसां?'

हाच प्रश्न मला इतकी वर्षं टोचतोय, म्हणून नीट उत्तर देते. ९१ हा आकडा खोटा नव्हता. पण ९१ टक्के म्हणजे कोकमाचे ९१ टक्के नव्हेत. मी एका मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम अर्क घातला होता, त्या प्रमाणात समोरचा ९१ टक्के डीपीपीएच शमला. ५० घातला तेव्हा तिशीच्या आत होता. अर्क वाढवत गेलं की जवळजवळ कुठलंही झाड नव्वदी गाठतं. मी त्याच आठवड्यात मेसमधल्या चहा पावडरीचं केलं होतं, तेही नव्वदीच्या वर गेलं. म्हणून टक्के लिहायचेच नसतात. पाच-सहा प्रमाणांचा आलेख काढून आयसी ५०, म्हणजे निम्मा डीपीपीएच शमवायला लागणारं प्रमाण, काढायचा, शेजारी ॲस्कॉर्बिक आम्लाचा (व्हिटॅमिन सीचा) ठेवायचा. आणि हे सगळं मेथनॉलच्या अर्कावर, ज्यात साखरेचा कणही नव्हता. बाटलीत काय होतं? आमच्याकडे अमृत कोकमला सालीच्या दुप्पट साखर पडते.

त्याच दुपारी फोन वाजला. मुंबईहून एक गृहस्थ बारा बाटल्या मागत होते. वडिलांना शुगर आहे, लेबलवर मधुमेहाचं वाचलं, रोज दोन ग्लास द्यायचा विचार आहे, चालेल ना? काका म्हणाले, 'द्या, बिनधास्त द्या.' मी हातातून फोन घेतला आणि सांगितलं, यात निम्म्याहून जास्त साखर आहे, वडिलांना देऊ नका. ऑर्डर गेली. काका त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. गणपतीला बोलले, पण या विषयावर कधीच नाही. पुढच्या वर्षी वाटणी झाली. आता आई आणि मी आगळ आणि आमसुलं करतो, काका त्यांचं सरबत करतात.

काकांचं दुसरं म्हणणं असायचं की अँटिऑक्सिडंट चांगलं असतं हे जगाने मान्य केलंय, तू कोण? जगाने काय पाहिलंय ते सांगते. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई या दोन अँटिऑक्सिडंटांची चाचणी झाली, निकाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा तर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या 'ओरॅक' आकड्यांची (प्रयोगशाळेत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची) यादी लोकांसाठी ठेवली होती. कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरायला लागल्या आणि शरीरातल्या परिणामाशी त्यांचा मेळ बसेना, म्हणून २०१२ साली खात्याने ती यादीच काढून घेतली. एवढ्या मोठ्या खात्याने यादी मागे घेतली, आणि आम्ही एका क्युव्हेटवर लेबल छापलं.

कारण साधं आहे. प्यायलेल्या अँथोसायनिनपैकी फारच थोडं जसंच्या तसं रक्तात पोचतं. बाकीचं आतड्यातले जिवाणू तोडतात, जे आत जातं त्याला यकृत दुसरं रूप देतं. क्युव्हेटमध्ये जे मूलकाशी भिडलं ते पेशीपर्यंत गेलंच नाही, तर ९१ चं काय करायचं? गार्सिनॉलवरचे जे पेपर दाखवतात ते बहुतेक पेशी आणि उंदरांवरचे आहेत. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल कोकमातही आहे आणि त्याच्या नात्यातल्या मलबारी चिंचेतही. त्यावर वजन कमी करायच्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. १९९८ साली १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली, औषध नसलेल्या, नुसत्या भुकटीच्या खोट्या गोळीपेक्षा काही जास्त वजन उतरलं नाही. उलट अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी पिऊन असं कुणाचं झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अर्क घट्ट करून गोळीत भरला की तो जेवणातला पदार्थ राहत नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

लेबलचं कायद्याने उत्तर: मधुमेह आणि कर्करोग बरा करतो असं छापणं १९५४च्या औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात बसत नाही, आणि २०१८पासून अन्नपदार्थांवरच्या दाव्यांना एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) वेगळे नियम आहेत. ते आधी वाचा, मग लेबल करायला टाका.

मग उपयोग काय, हे तुम्ही विचारलंय आणि मी वाहवत गेले. पॉलिफेनॉलचे खरे उपयोग शरीराबाहेर आहेत आणि ते जुने आहेत. तेल खवट होतं ते ऑक्सिडेशननेच, तिथे अँटिऑक्सिडंट अक्षरशः काम करतं. रोझमेरीचा अर्क युरोपात तेलाला आणि खाद्यपदार्थांना ई-३९२ या क्रमांकाने अधिकृतपणे घालतात. हिरड्यातल्या टॅनिनवर कातडी कमावतात, कापडाला रंग धरायला हिरडा लावतात. आणि खैराचा कात! चिपळूणजवळ सावर्ड्याला कात करतात, खैराच्या गाभ्याच्या चिपा उकळून, आटवून. ग्रीन टीच्या डब्यावर लोक ज्या 'कॅटेचिन'चं नाव कौतुकाने वाचतात ते नावच कातावरून, कॅटेच्यूवरून आलंय. पानाला लावतो तो कात.

कोकमाचा उपयोग मला विचाराल तर रंग. आंबट पदार्थाला इतका सुंदर नैसर्गिक लाल दुसरा क्वचित मिळतो. बाजारात स्वस्त सरबतांत कृत्रिम रंग घालतात. घरी बघायचं असेल तर चमचाभर सरबत पाण्यात पातळ करून चिमूटभर खायचा सोडा टाका. फेस खाली बसू द्या. खऱ्या कोकमाचा लाल जाऊन निळसर-हिरवट, मळकट रंग येतो. घातलेला रंग बहुधा लालच राहतो. मी हे बाजारात गिऱ्हाइकासमोर करून दाखवते. या लाल रंगाला ऊन, उष्णता आणि वेळ सोसत नाही. पारदर्शक बाटलीत दुकानाच्या काचेत ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी पडतं. हे कसं थांबवायचं हा खरा प्रोजेक्ट आहे. सावलीतली साल आणि उन्हातली साल घ्या, पीएच १.० आणि ४.५ च्या बफरमध्ये ५२० आणि ७०० नॅनोमीटरला मोजा, हिशोब सायनिडिन-३-ग्लुकोसाइडवर लावा. दर आठवड्याला परत मोजा. असा तक्ता मिळाला तर आमच्यासारख्या पन्नास घरांना कामाचा ठरेल.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, रंगाचा ब्लँकही तंतोतंत नसतो, कारण डीपीपीएचशी भिडताना अँथोसायनिन स्वतःही बदलतं. तेव्हा माझा ९१ही थोडा इकडेतिकडे असणार. डीपीपीएच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, एकाच पद्धतीने दोन सालींची तुलना करायला तो चांगलाच आहे. फोलिनवर (एकूण पॉलिफेनॉल्स मोजायच्या चाचणीवर) मात्र एकट्यावर विसंबू नका, त्यात साखर आणि व्हिटॅमिन सी दोन्ही लुडबुड करतात. दुसरं, मी डॉक्टर नाही. रक्तदाब असेल तर आगळ जपून, किलो रसाला आम्ही दीडशे ग्रॅमच्या वर मीठ घालतो.

काका हे वाचतील असं वाटत नाही, त्यांच्या मुलाने दाखवलं तर दाखवलं. त्यांच्या नव्या लेबलवरून रोगांची नावं गेलीत. ९१ अजून आहे.

तुम्हाला बिनमिठाची साल हवी असेल तर मे संपायच्या आत इथेच खाली लिहा. पाऊस लागला की रातांबे झाडावरच फुटतात आणि मग वाळवायला ऊन मिळत नाही.